कॉपी शंभर टक्के, फाइल मात्र वाटेतच

दादरला स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्यांकडे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा एखादा कॉम्प्युटर असला, तर हे हमखास घडतं. पट्टी शंभर टक्क्यांवर पोहोचते, गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह उपटतं आणि लोकल गाठायला धावतं. घरी गेल्यावर फाइल उघडत नाही. शिव्या बसतात पेन ड्राइव्हला.

सोसायटीचा वॉचमन पार्सल ठेवून घेतो आणि आपल्या मोबाइलवर ‘डिलिव्हर्ड’ असा मेसेज येतो, तसंच काहीसं हे आहे. प्रोग्रामने ‘लिही’ म्हटलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा मुख्य गाभा, तो मजकूर आधी स्वतःकडच्या रॅममध्ये उतरवून घेतो आणि लगेच ‘झालं’ असं कळवतो. रॅमचं ते ४ केबीचं पान (मेमरीचा एक ठरावीक तुकडा) आता ‘डर्टी’ ठरतं, म्हणजे डिस्कवर अजून न गेलेलं. लिनक्सच्या मूळ सेटिंगनुसार साफसफाईचं काम दर ५ सेकंदांनी जागं होतं आणि ३० सेकंदांहून जुनी डर्टी पानं डिस्ककडे धाडतं. अशी पानं उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांवर गेली की तेवढी वाटही पाहिली जात नाही. २० टक्के झाली की लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच थांबवलं जातं. मोठा सिनेमा कॉपी करताना सुरुवातीला भन्नाट वेग दिसतो आणि मग पट्टी अडून बसते, ती यामुळे.

एवढा खटाटोप कशाला? रॅममधून काही वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या हार्ड डिस्कचं डोकं जागेवर यायलाच १० मिलिसेकंदांच्या आसपास. लाखपटीचा फरक! शिवाय एकाच पानात पन्नास वेळा बारीकसारीक बदल झाले, तरी डिस्कवर ते एकदाच लिहून भागतं.

वाचतानाही हाच साठा कामी येतो. तीच फाइल पुन्हा मागितली तर डिस्कला हातही लागत नाही. मेमरीचा हिशेब दाखवणारी ‘फ्री’ ही कमांड दिली की ‘बफ/कॅश’च्या, म्हणजे याच साठ्याच्या, रकान्यात गिगाबाइट्सचे आकडे दिसतात आणि लोक घाबरून मेमरी ‘साफ’ करायला निघतात. कृपा करून करू नका. प्रोग्रामला जागा लागली की कर्नल ती स्वतःच मोकळी करतो. रिकामी पडून राहिलेली रॅम कुणाच्याच कामाची नाही.

पैशांच्या नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसला मात्र तोंडी ‘झालं’ चालत नाही. तो ‘एफसिंक’ ही हाक देतो, मग मजकूर खरोखर डिस्कवर गेल्याशिवाय कर्नल उत्तर देत नाही. डिस्कच्या पोटातही एक छोटा बफर असतो. तोही रिता कर, असा वेगळा हुकूम त्यासाठी कर्नल डिस्कला सोडतो.