वही कुठवर वाचली?

इंटरनेटला जोडलेला नवा सर्व्हर सुरू केला की थोड्याच वेळात त्याच्या दारावर टकटक सुरू होते. कुठलातरी आपोआप चालणारा प्रोग्रॅम 'रूट', 'ॲडमिन', 'टेस्ट' अशी नावं घेऊन पासवर्ड लावून पाहत असतो. सर्व्हर त्याला आत घेत नाही, पण प्रत्येक प्रयत्नाची एक ओळ लिहून ठेवतो: तारीख, वेळ, यंत्राचं नाव, नोंद करणारा प्रोग्रॅम, वापरलेलं नाव, कुठल्या पत्त्यावरून आणि निकाल काय. उबुंटू या लिनक्स प्रणालीवर ही ओळ 'ऑथ डॉट लॉग' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये तळाशी जोडली जाते. पुढची ओळ तिच्याखाली.

दुकानातली रोजकीर्द अशीच असते. व्यवहार झाला त्याच क्रमाने नोंद, वर्गवारी नंतर खतावणीत. लॉग म्हणजे संगणकाची रोजकीर्द, आणि तिच्यातली बारीकशी तफावत किती दूर नेते याचा दाखला १९८६ सालचा आहे. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाला संगणकवापराच्या हिशेबात न जुळणारे ७५ सेंट शोधायला सांगितलं होतं. त्यांचा माग काढता काढता सापडला तो जर्मनीत बसून अमेरिकेच्या लष्करी संगणकांत शिरणारा मार्कुस हेस. स्टॉलने फोनलाइनींना प्रिंटर जोडले आणि कागदावर उमटणारी अक्षरं स्वतः वाचली.

आज एका मध्यम कार्यालयातसुद्धा दिवसाला लाखो ओळी जमतात. त्या वाचून संशयास्पद गोष्टींचे इशारे द्यायला सॉफ्टवेअर लागतं. 'वाझू' हे त्यातलं एक, मोफत आणि मुक्त स्रोताचं. ऑथ डॉट लॉग वाचायला त्याला सांगायचं एवढंच: कॉन्फिगरेशन फाइलमध्ये 'लोकलफाइल' नावाचा छोटा कप्पा करायचा, त्यात एका ओळीत फाइलचा पत्ता आणि दुसऱ्या ओळीत नोंदींची धाटणी. दोन मिनिटांचं काम. पण या दोन ओळींमागे सॉफ्टवेअरला जे करावं लागतं ते मला फार सुंदर वाटतं, कारण ही वही वाचली जात असतानाच लिहिलीही जात असते.

वाचणाऱ्याला खूण लागते. आपण कितव्या बाइटपर्यंत आलो हा आकडा सॉफ्टवेअर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथून वाचायला लागतं. ती खूण हरवली तर एकतर सगळं पुन्हा वाचून जुन्याच घटनांचे इशारे नव्याने येतात, नाहीतर मधल्या ओळी कायमच्या सुटतात. 'लॉगस्टॅश' या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही खूण 'सिन्स-डीबी' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये राहते. नवशिके तिथे हमखास अडतात. 'सुरुवातीपासून वाच' असं कॉन्फिगरेशनमध्ये लिहूनही ते काही वाचत नाही, कारण ती सूचना फक्त पहिल्यांदाच दिसलेल्या फाइलीला लागू होते. एकदा पाहिलेल्या फाइलीसाठी खूणच प्रमाण.

आता खरी गंमत. वही भरत जाते, म्हणून ठरावीक काळाने जुनी फाइल बाजूला सारून नवी उघडतात. याला लॉग रोटेशन म्हणतात. जुन्या फाइलीचं नाव बदलतं आणि मूळ नावाने कोरी फाइल तयार होते. वाचणारा फक्त नावावर विसंबला तर त्याला वाटेल, आपण तर पाच कोटी बाइट वाचले होते, ही फाइल एवढीशी कशी? म्हणून तो नावाखालचा क्रमांक पाहतो. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीला 'आयनोड' क्रमांक असतो. शेताला गावात काहीही म्हणोत, सातबाऱ्यावर त्याचा गट क्रमांक असतो, तसा. नाव तेच पण क्रमांक वेगळा, म्हणजे वही नवी. मग जुनीतल्या उरलेल्या ओळी वाचून संपवायच्या आणि नवी पहिल्या बाइटपासून धरायची.

कधी याच्या उलट होतं. फाइलीची नक्कल काढून मूळ फाइल जागीच रिकामी करतात. क्रमांक तोच राहतो, फक्त आकार खुणेपेक्षा लहान झालेला दिसतो, आणि त्यावरून ओळखायचं. या पद्धतीत नक्कल आणि पुसणं यांच्या मधल्या क्षणी आलेल्या ओळी हरवू शकतात, म्हणून मी ती शक्यतो टाळतो. शिवाय कायमची काढून टाकलेल्या फाइलीचा आयनोड क्रमांक पुढे दुसऱ्याच फाइलीला मिळू शकतो. त्यावर उपाय म्हणून 'फाइलबीट' हे लॉग वाचणारं आणखी एक सॉफ्टवेअर पहिल्या १०२४ बाइटांचा ठसा घेऊन फाइल ओळखू शकतं.

रोटेशनमागे आणखी एक हिशेब आहे. उबुंटूची मूळ मांडणी आठवड्याला फाइल बदलते आणि मागच्या चारच ठेवते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश मात्र लॉग १८० दिवस ठेवायला सांगतात. म्हणजे ती मुदत वाढवणं किंवा ओळी वेळेवर दुसरीकडे नेऊन साठवणं आलंच. त्याच निर्देशांत यंत्रांची घड्याळं राष्ट्रीय वेळेशी जुळवायलाही सांगितलं आहे, आणि ते किती रास्त आहे हे 'सिसलॉग' या नोंदी लिहिण्याच्या जुन्या धाटणीची ओळ पाहिली की कळतं. तिच्यात वर्ष नसतं आणि टाइमझोनही नसतो. सर्व्हर जागतिक वेळेवर चालत असेल तर मंगळवारी पहाटे दोनची घटना सोमवारी रात्री साडेआठची म्हणून नोंदली जाते.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती शांततेची. एकदा नव्याने बसवलेल्या डेबियन १२ या लिनक्स प्रणालीच्या यंत्रावर मी नेहमीचाच लोकलफाइल कप्पा चिकटवला. चार दिवस एकही इशारा आला नाही आणि मी ते चांगलं लक्षण मानलं. खरं तर ऑथ डॉट लॉग तिथे नव्हतीच. डेबियन १२ पासून ती लिहिणारा 'आर-सिसलॉग' मूळ मांडणीत बसवला जात नाही, नोंदी 'जर्नल' नावाच्या प्रणालीच्या वेगळ्या वहीत जातात. वाझूने त्याच्या स्वतःच्या लॉगमध्ये 'फाइल उघडता आली नाही' असं स्पष्ट लिहिलं होतं. मीच ते वाचलं नव्हतं. पत्त्याच्या आणि धाटणीच्या दोन्ही ओळींत 'जर्नलडी' लिहिल्यावर नोंदी येऊ लागल्या.

तेव्हापासून कॉन्फिगरेशन झालं की मी आधी वाझूचाच लॉग उघडतो आणि आपल्या फाइलीच्या नावापुढे 'अ‍ॅनलायझिंग फाइल' ही नोंद शोधतो. मग दुसऱ्या यंत्रावरून 'कोणीनाही' या नावाने लॉगिन करून पाहतो. असा वापरकर्ताच नसल्यामुळे वाझूच्या गांभीर्याच्या मोजपट्टीवर पाचव्या पातळीची नोंद पडते. तसंच भराभर करत राहतो, कारण दोन मिनिटांत एकाच पत्त्यावरून असे आठ प्रयत्न झाले की दहाव्या पातळीचा इशारा यायला हवा. तो पडद्यावर दिसेपर्यंत मी त्या यंत्रापासून उठत नाही.