कोठार भरलेलं, तरी रक्त उतरतं
आयसीयूतल्या रुग्णाचं हिमोग्लोबिन उतरलं की नातेवाईक हमखास विचारतात, "लोहाच्या गोळ्या का नाही देत?" प्रश्न रास्त आहे. पण अशा रुग्णाच्या शरीरात लोह बऱ्याचदा असतं, फक्त ते अडकून पडलेलं असतं.

प्रौढ माणसाच्या अंगात जेमतेम ३ ते ४ ग्रॅम लोह. अन्नातून रोज १-२ मिलिग्रॅमच आत येतं, आणि नव्या तांबड्या पेशी घडवायला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लागतं. ते मिळतं मोडीतून. म्हाताऱ्या तांबड्या पेशी प्लीहेतल्या भक्षकपेशी गिळतात आणि त्यांतलं लोह पुन्हा रक्तात सोडतात. सोडायला दार एकच: फेरोपोर्टिन नावाचं प्रथिन. आतड्याच्या पेशींनाही हेच दार.

या दारावरची हुकमत हेप्सिडिनची, आणि त्याचं मला विलक्षण कौतुक वाटतं. यकृतात बनणारी, अवघ्या २५ अमिनो आम्लांची ही साखळी फेरोपोर्टिनला चिकटली, की पेशी त्या प्रथिनाला आत ओढून लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या कचरापेटीत, त्याचा चुरा करते. दारच उखडलं जातं! जंतुसंसर्गात इंटरल्युकिन-६ हा दाहाचा संदेशरेणू यकृतपेशींतल्या स्टॅट-३ या निरोप्या प्रथिनामार्फत हेप्सिडिनचं जनुक चेतवतो आणि काही तासांत रक्तातलं लोह घटतं. जिवाणूंनाही लोह हवंच असतं. सिडेरोफोर नावाचे रेणू सोडून ते लोह पळवतात. शरीर त्यांची रसद तोडतं.

पण उपाशी राहते ती तांबड्या पेशी घडवणारी आपली अस्थिमज्जाही. भरीला तपासण्यांसाठी काढलेलं रक्त: हिमोग्लोबिन चांगलं असलेल्या रक्ताच्या ४० मिलिलिटरमध्ये सुमारे २० मिलिग्रॅम लोह जातं. लोहाच्या कमतरतेचं निदानही फसवं, कारण ज्यावरून लोहाचा साठा जोखतात ते फेरिटिन हे प्रथिन दाह असला की एरवीही वाढतं.

अशा वेळी गोळी फारशी लागू पडत नाही, कारण आतड्यातलं दारही गेलेलं असतं. 'रक्त वाढवणाऱ्या' टॉनिकांच्या जाहिराती हे कधी सांगत नाहीत. शिरेतून लोह देता येतं. २०१६ सालच्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत १४० रुग्णांपैकी लोह मिळालेल्यांचं हिमोग्लोबिन घरी जाताना जास्त होतं, पण रक्त चढवण्याची गरज लक्षणीय घटली नाही. संसर्ग पेटलेला असताना तर शिरेतलं लोह सहसा लांबणीवर टाकतात.

बिनधोक उपाय एक आहेच: तपासणीसाठी रक्त कमी काढणं, त्यासाठी छोट्या नळ्या वापरणं. नातेवाईकांनी गोळ्यांऐवजी याबद्दल जरूर विचारावं.