‘बिफोर’च्या आधीचा ‘एअर’

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात तीन चेटकिणी पुन्हा कधी भेटायचं ते ठरवतात. उत्तर येतं, ‘एअर द सेट ऑफ सन’, म्हणजे दिवस मावळायच्या आत. हा ‘एअर’ हवेचा नव्हे. उच्चार जवळपास तोच, पण स्पेलिंग ई-आर-ई आणि अर्थ ‘आधी’.

जुन्या इंग्रजीत त्याचं रूप ‘ॲर’ असं होतं आणि मूळ अर्थ ‘अधिक लवकर’. जर्मनमधला ‘एहर’ त्याचाच भाऊबंद. नामाआधी तो शब्दयोगी अव्ययाचं काम करी, तसाच दोन वाक्यंही जोडी. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये आजारी मुलाचा बाप येशूला विनवतो, ‘कम डाउन एअर माय चाइल्ड डाय’. माझं लेकरू जायच्या आत चला. त्या एका छोट्या शब्दात बापाची सगळी घाई आहे.

मग त्याची जागा ‘बिफोर’ने घेतली. ‘बिफोर’चा मूळ अर्थ ‘समोर’. जागेचा शब्द काळासाठी वापरात आला. त्यातला ‘फोर’ आणि संस्कृत ‘पूर्व’ एकाच मुळातून आलेले आहेत, आणि ‘पूर्व’चाही जुना अर्थ ‘पुढचा, समोरचा’ असाच. म्हणजे आपण ‘पूर्वी’ म्हणतो तेव्हा गेलेला काळ समोर ठेवतो आणि ‘मागे एकदा भेटलो होतो’ म्हणतो तेव्हा तोच काळ पाठीशी टाकतो. मराठीत दोन्ही सुखाने नांदतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बोलण्यातून गेला तरी ‘एअर’ कवितेत टिकला. एका दमात उच्चारायचा, एकाच सिलॅबलचा शब्द, वृत्तात चपखल बसतो. नेपोलियनच्या तोंडी घातलेलं ‘एबल वॉज आय एअर आय सॉ एल्बा’ (एल्बा बेट बघायच्या आधी मी समर्थ होतो) हे वाक्य इंग्रजी अक्षरांत उलट वाचलं तरी तेच राहतं, आपल्या ‘चिमा काय कामाची’सारखं. तिथे ‘बिफोर’ घातला की खेळ मोडला.

त्याचे नातलग मात्र रोजच्या वापरात आहेत. ‘अर्ली’ त्याच मुळाचा. त्याच्या ‘सर्वांत आधी’ या रूपातून ‘अर्स्ट’ झाला आणि त्याला ‘व्हाइल’ जोडून ‘अर्स्टव्हाइल’, म्हणजे ‘पूर्वीचा’. भारतातल्या सरकारी इंग्रजीत हा शब्द आजही मुक्कामाला आहे. मराठवाड्याच्या इतिहासाबद्दल इंग्रजीत काही वाचायला घ्या, ‘अर्स्टव्हाइल हैदराबाद स्टेट’ भेटतंच.