बांध फोडला, नदी सुटली

दर पावसाळ्यात एक नकाशा मोबाइलवर फिरतो. बांगलादेशचा खालचा मोठा भाग निळाशार रंगवलेला आणि वर लाल अक्षरांत, ‘२०५० साली हे सगळं पाण्याखाली!’ यंदा तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. खाली एकाने लिहिलं, ‘मग तिथे कशाला पैसे घालवतायत? निसर्गाच्या कोपापुढे कोणाचं चाललंय?’ सोबत जोडलेल्या हातांची दोन चित्रं.

नकाशावाल्याने काय केलंय, तर जमिनीची उंची घेतली, पाणी अमुक इतकं चढवलं आणि त्याखाली जे येईल ते निळं केलं. बादली भरताना हा हिशेब ठीक आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेचा त्रिभुज प्रदेश मात्र बादलीसारखा थांबलेला नाही, तो अजून घडतोय. या नद्या दरवर्षी अर्धा ते एक अब्ज टन गाळ खाली आणतात. समुद्र चढला की गाळ बसून जमीनही चढते, हे हजारो वर्षं चालू आहे. अट एकच, गाळ जमिनीपर्यंत पोचला पाहिजे. बांगलादेशच्या नैर्ऋत्येला, खुलना-जशोर-सातखिरा पट्ट्यात, तो पोचेनासा झाला आणि त्याला समुद्र कारण नव्हता.

पूर्वी तिथे जमीनदार ‘अष्टमासी’ बांध घालत. पाऊस संपला की मातीचा बुटका बांध उभा राहायचा, आठ महिने खारं पाणी बाहेर ठेवायचा, आणि पावसाळ्यात नदी गोडी झाली की तो फोडून गाळाचं पाणी आत घ्यायचं. रायगडातली खारबंदिस्ती किंवा गोव्यातलं खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन) आणि त्याची मानस (पाणी आत-बाहेर सोडणारी झडप) पाहिलेल्यांना यातली निम्मी गोष्ट न सांगता कळेल. १९६० च्या दशकात परदेशी मदतीने पक्के बांध आले. बांधाने चहूबाजूंनी वेढलेल्या जमिनीला म्हणतात पोल्डर, आणि असे १३९ पोल्डर झाले. सुरुवातीला भात दणकून आला. पण वीसेक वर्षांत शेतांमधलं पाणी निघेना. बांध धडधाकट, झडपा जागच्या जागी, आणि आत महिनोन्‌महिने कंबरभर पाणी.

असं का झालं, हा माझा आवडता भाग आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

काचेचे दोन ग्लास घ्या. दोन्हींत काळी माती ढवळा, एकात दोन चमचे मीठ टाका. मी रात्री जेवणानंतर केलं. सकाळी मिठाचा ग्लास वरून नितळ आणि तळाशी मऊ लगदा. दुसरा अजून चहासारखा. (दोन्ही ग्लास ओट्यावरून ताबडतोब हलवण्याचा हुकूमही सकाळीच निघाला.) चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलतात आणि तरंगत राहतात. पाण्यात मीठ आलं की त्यातले सोडियमचे धन आयन कणांभोवती गोळा होतात, ढकलाढकली थांबते, कण चिकटून पुंजके होतात आणि जड होऊन बसतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो तेव्हा हेच घडतं, फक्त तुरटीतलं ॲल्युमिनियम मिठापेक्षा कितीतरी जोरात काम करतं. म्हणजे नदी जिथे खाऱ्या पाण्याला भेटते, तिथे आयती तुरटी फिरत असते.

आता यात भरती-ओहोटी घाला. खाडीसारख्या उथळ नदीत भरती थोड्या वेळात, जोरात चढते आणि ओहोटी रेंगाळत उतरते. चिखल उचलायला जोर लागतो. म्हणून उन्हाळ्यात, वरून गोडं पाणी फारसं येत नसताना, भरती जेवढा चिखल आत आणते तेवढा ओहोटी परत नेत नाही. उरलेला कुठेतरी बसणारच. पूर्वी पावसाळ्यात बांध फोडला की तो बीलात जाऊन बसायचा. (बील म्हणजे बशीसारखा सखल पाणथळ भाग, विजेच्या बिलाशी संबंध नाही.) पक्क्या बांधाने बीलाचं दार कायमचं लावलं तेव्हा तो नदीच्याच पात्रात बसू लागला.

नुसतं एवढंच असतं तर नदी खणून भागलं असतं. खरी गोम पुढे आहे. भरतीच्या नदीचं पात्र किती रुंद आणि खोल राहणार, हे त्यातून प्रत्येक भरती-ओहोटीला किती पाणी ये-जा करतं यावर ठरतं. समजा, ६०० हेक्टरच्या बीलात एका भरतीला सरासरी एक मीटर पाणी चढतं. म्हणजे ६० लाख घनमीटर. ते पाच-सहा तासांत आत येणार, सहा-सात तासांत बाहेर पडणार, आणि हे दिवसातून दोनदा. टँकरच्या भाषेत, दहा हजार लिटरचे सहा लाख टँकर एका भरतीला. एवढं पाणी बाहेर पडताना पात्र खरवडत जातं. बील बंद केलं की हे पाणी गेलं, खरवडणारा गेला, पात्र आकसलं. आकसलेल्या पात्रात पाणी आणखी कमी येतं, म्हणून गाळ आणखी जास्त. शेवटी नदीचा तळ बीलातल्या शेतापेक्षा उंच होतो. मग झडप उघडून करायचं काय?

उत्तर गावकऱ्यांनी शोधलं, फावड्याने. १९९० मध्ये डाकातिया बीलाचा आणि १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये हरी नदीकाठच्या भायना बीलाचा बांध लोकांनी फोडला. सरकारी बांध फोडणं म्हणजे सरळ गुन्हा. पण भायना बीलात भरती शिरू लागली, गाळ टाकू लागली, आणि ओहोटीने हरी नदी पुन्हा खोल केली. चारेक वर्षांत बीलाच्या तोंडाशी जमीन मीटरभराहून जास्त चढली, लांबच्या टोकाला जेमतेम वीतभर. मग तज्ज्ञांनी मोजमापं केली आणि या प्रकाराला रीतसर इंग्रजी नाव मिळालं, टायडल रिव्हर मॅनेजमेंट, म्हणजे भरती-ओहोटीच्या नदीचं व्यवस्थापन.

निसर्गाने २००९ मध्ये हाच प्रयोग फार क्रूरपणे करून दाखवला. आयला चक्रीवादळाने पोल्डर क्रमांक ३२ चे बांध तोडले आणि पुढची जवळपास दोन वर्षं तिथे रोज भरती येत-जात राहिली. नंतर मोजणी झाली तेव्हा दिसलं की भरतीच्या पातळीशी तुलना केली तर पोल्डरमधली जमीन शेजारच्या सुंदरबनापेक्षा एक ते दीड मीटर खाली गेली होती. बांध नसलेलं जंगल समुद्राबरोबर चढत राहिलं आणि बांधाने जपलेलं शेत मागे पडलं. आणि त्या दोन वर्षांतच काही दशकांचा गाळ शेतात बसला. ग्रुपवरच्या निळ्या नकाशात हे कुठेच नाही.

आता ‘कशाला पैसे घालवतायत’ याबद्दल. २००१ मध्ये माराकेशला संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत ठरलं की सर्वांत गरीब देशांनी हवामानबदलाशी जुळवून घेण्यासाठी तातडीच्या कामांच्या याद्या कराव्यात. बांगलादेशची यादी २००५ मध्ये आली, १५ प्रकल्पांची. याद्यांचा दोष असा की एकेक काम सुटं राहतं. इथे बांध उंच केला की तिथली नदी मरते हे यादीला कळत नाही. म्हणून २०१० मध्ये कानकुनच्या परिषदेत लांब पल्ल्याच्या राष्ट्रीय अनुकूलन (म्हणजे जुळवून घेण्याच्या) आराखड्यांची पद्धत सुरू झाली. बांगलादेशने २०१८ मध्ये डच मदतीने २१०० सालापर्यंतचा डेल्टा (त्रिभुज प्रदेशाचा) आराखडा मंजूर केला आणि २०२२ मध्ये २०२३ ते २०५० चा अनुकूलन आराखडा दिला: हवामानाचा ताण असलेले ११ प्रदेश, ११३ कामं, अंदाजे खर्च २३० अब्ज डॉलर. एवढे पैसे कोणी हातावर ठेवत नाही, आणि तिथे लिहिलेलं सगळं होईल असंही नाही. ‘क्लायमेट रेझिलिअंट’, म्हणजे हवामानबदलात टिकणारा, असा शिक्का मारून जुनाच रस्ता नव्याने विकणारे ठेकेदार सगळ्याच देशांत असतात.

पण कोपवाल्यांसाठी दोन आकडे. १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. २००७ चं सिद्र हेही अतितीव्र वादळ होतं, मृत्यू साडेतीन हजारांच्या आसपास. मधल्या काळात १९७२ पासून गावोगाव स्वयंसेवक, भोंगे, झेंडे आणि काँक्रीटचे निवारे उभे राहिले. हात जोडण्याने हा फरक पडलेला नाही.

गाळाचं काम मात्र भोंग्याइतकं सोपं नाही. बील उघडलं की तिथलं शेत तीन-चार वर्षं, कधी त्याहून जास्त, भरतीला द्यावं लागतं. फायदा नदीकाठच्या सगळ्यांचा, पाणी एकाच्याच शेतात. एक बील भरलं की पुढचं उघडायचं, नाहीतर नदी पुन्हा गाळाने भरते. म्हणजे कोणाची पाळी कधी, हे आधी ठरायला हवं. भरपाई कागदावर असते, पण ती मागायला जमीन स्वतःच्या नावावर लागते आणि ती अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर. सातबाऱ्यावर वारसनोंद करून घ्यायला तलाठ्याकडे खेटे घातलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. कपालिया बीलाची पाळी आली तेव्हा, २०१२ मध्ये, गावकऱ्यांनी जोरदार विरोध केला आणि ते काम बारगळलं. भायना बीलाच्या गावांनी बांध फोडायला फावडी उचलली होती; त्याच पट्ट्यातल्या या गावांनी आपला बांध फोडू दिला नाही.