लहान मामा येतो कुठून?

वर्धा-यवतमाळकडच्या एखाद्या लग्नात पाहा. मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ येते, "मामा कुठी गेला रे?" अशी हाकाटी होते, आणि नवरदेवाच्या पाठीशी येऊन उभा राहतो तो नवरदेवाहून दोन वर्षांनी लहान पोरगा. मांडवात कुणाला नवल वाटत नाही. मामा-भाचे जिल्हा परिषदेच्या एकाच वर्गात शिकले, एकाच मास्तरांचा मार खाल्ला, अशी घरं जुन्या पिढीत गावोगाव होती.

आधी वयाचा हिशोब करू. आजीला पहिलं मूल १७व्या वर्षी झालं आणि शेवटचं चाळिशीत, म्हणजे थोरल्या लेकीत आणि शेंडेफळात २३ वर्षांचं अंतर. थोरली लेक १८व्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा आजी जेमतेम ३५ची. तिची दोन-तीन बाळंतपणं अजून व्हायची असत. मायलेकी एकाच वर्षी बाळंतीण होत, ते अशानं. मुलीच्या लग्नाचं किमान वय १९२९च्या कायद्याने १४ होतं. ते १८ झालं १९७८ मध्ये, आणि गावात पोचायला त्यालाही बराच काळ लागला.

पण वयाने सगळा उलगडा होत नाही. मामा मोठाही असू शकतो, मग आठवणीत राहणारे इतके मामा आईहून लहानच का? इथे एक गणित आहे आणि ते फारसं सुखाचं नाही. समजा एका गावात प्रत्येक जोडपं पहिला मुलगा होईपर्यंत थांबत नाही आणि तो झाला की थांबतं. त्या गावात जन्मणाऱ्या मुलामुलींचं प्रमाण बिघडत नाही, कारण प्रत्येक जन्माला निसर्गाचं नाणं नव्यानेच उडतं. तरी एक गोष्ट मात्र पार बदलते: घरातला मुलगा नेहमी शेवटचा. कोणत्याच मुलीला मोठा भाऊ नाही, आणि प्रत्येकीला नेमका एक लहान भाऊ आहे. म्हणजे त्या गावात मोठा मामा नावाची चीजच नाही.

खरी गावं इतकी काटेकोर वागत नाहीत. कुणी दोन मुलगे होईपर्यंत वाट पाहतं, कुणी तीन मुलींवर थांबतं. पण कल तोच. भारत सरकारच्या २०१७-१८च्या आर्थिक पाहणी अहवालाने शेवटच्या अपत्याचं लिंग तपासलं. निसर्गतः १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. पण पहिल्याच अपत्यावर थांबलेल्या घरांत ते मूल १०० मुलींमागे १८२ वेळा मुलगा होतं. ज्या लहान मामाचे आपण इतके लाड सांगतो, त्याच्या जन्मामागे पुष्कळदा तीन-चार बहिणींच्या जन्मानंतरचा घरातला शुकशुकाट असतो. आपली आई त्या बहिणींपैकीच एक.

ही सगळी यंत्रणा आता मोडीत निघाली आहे. १९५०च्या दशकात भारतात एका बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं होत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा आकडा १.७ आहे. रोस्टॉकच्या माक्स प्लांक संस्थेतील लोकसंख्या-अभ्यासकांनी २०२३ मध्ये जगभरचा अंदाज मांडला. १९५० मध्ये ६५ वर्षांच्या बाईला सरासरी ४१ जिवंत नातेवाईक असत. २०९५ मध्ये ते २५ उरतील. एक मामा आणि तोही आईच्या पाठचा, इतकंच पुढे बऱ्याच पोरांच्या वाट्याला येईल. काहींना तेवढंही नाही.

नात्याची तऱ्हा मात्र जीवशास्त्रातून निघत नाही. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या समाजांबद्दल लिहिताना दाखवलं होतं, की जिथे बापाचा धाक असतो तिथे आईच्या भावाशी थट्टामस्करी चालते. आपल्याकडे जावळ काढताना पोर मामाच्याच मांडीवर बसतं, आणि नागपूर-भंडाऱ्याकडच्या अनेक घरांत तर मामाच भाच्याच्या पाया पडतो. मोठ्या मामाशी थोडं अंतर राहतं, त्याला माझ्या मते एक व्यवहारी कारण असावं. मामाची मुलगी करण्याची चाल असलेल्या जातींमध्ये तो संभाव्य सासरा असतो. लहान मामाची मुलगी वयाने फारच लहान पडते, त्यामुळे ती भीती नाही.

जनुकं मात्र मामा मोठा की लहान, हे पाहत नाहीत. सख्ख्या मामाशी आपला सरासरी २५ टक्के जनुकीय वाटा सामाईक असतो; काकाशीही तेवढाच. फरक मायटोकॉन्ड्रियात आहे. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या या भागाचा डीएनए फक्त आईकडून येतो. तो आजीकडून मामालाही मिळाला आणि आपल्या आईमार्फत आपल्यालाही. मामाच्या स्वतःच्या मुलांना मात्र तो मिळत नाही, त्यांना मामीचा मिळतो.

"टक्कल मामावर गेलं" हे वाक्य अर्धवट खरं आहे. टकलाशी घट्ट संबंध असलेलं एक जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि मुलाला एक्स आईकडूनच येतो. पण मामाचा एक्स फक्त आजीचा. आपल्या एक्समध्ये आजोबांचाही वाटा असतो. त्या जनुकाची तीच प्रत मामाकडे असण्याची शक्यता चारात एक, आजोबांकडे असण्याची दोनात एक. अंदाज करायचाच तर आजोबांचं डोकं पाहावं. शिवाय इतर गुणसूत्रांवरची जनुकंही हातभार लावतात, त्यात बापाकडूनही येतात.

विदर्भात हा हिशोब टकलापाशी थांबत नाही, कारण इथे सिकलसेल आहे, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला तो १९५८ मध्ये. हा आजार एक्सवरचा नाही. मुलाला तो होतो तेव्हा सदोष जनुक (त्याला 'एस' म्हणतात, निरोगी जनुकाला 'ए') आई आणि बाप दोघांकडूनही आलेलं असतं. भाचा 'एसएस' म्हणजे रुग्ण निघाला आणि आई 'एएस' म्हणजे वाहक, एकच सदोष जनुक असलेली असली, तर तिचं एस तिच्या आईकडून किंवा बापाकडून आलेलं. त्या दोघांपैकी एकच जण वाहक असेल तर तेच एस प्रत्येक मामाकडे असण्याची शक्यता निम्मी. मोठ्या मामाचं लग्न झालेलं असतं. लहान मामासाठी मात्र मुली पाहणं चालू असतं, म्हणून आधी त्याची तपासणी व्हावी. वाहक मामाला वाहक बायको मिळाली, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. आणि वाहक भाच्याने वाहक मामाची मुलगी केली, तर मामीत दोष नसतानाही, मुलीची तपासणी न करता धरलेली शक्यता आठात एक.

स्थळ मोडेल म्हणून लोक रिपोर्ट लपवतात, आणि त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण भीतीचं एक कारण चाचणीच्या गैरसमजात आहे. बोटातून रक्त घेऊन होणाऱ्या सोल्युबिलिटी चाचणीत फक्त एस आहे की नाही एवढंच दिसतं. एएस की एसएस हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासण्यांनी ठरतं. पहिला निकाल पॉझिटिव्ह आला म्हणून लहान मामाला सिकल झाला असं होत नाही. बहुतेकदा तो नुसता वाहक असतो, आणि इतकी वर्षं शेतात राबूनही त्याला ते कळलेलं नसतं.