चांदण्यातलं डोहाळजेवण, दोघांपुरतं

बागेतलं, नावेतलं, चांदण्यातलं... डोहाळजेवणाचे हे प्रकार आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत. त्यातलं चांदण्यातलं एकदा पाहुण्यांशिवाय, दोघांनीच गच्चीवर करावं. शनिवारची संध्याकाळ वाइनच्या ग्लासबरोबर घालवायची सवय असलेल्या जोडप्यांना गरोदरपणात ‘आता काय करायचं?’ हा प्रश्न पडतो, आणि ‘एखादा घोट चालतो गं’ असं सांगणारंही कुणीतरी भेटतंच.

तो चालत नाही. आईच्या रक्तातलं अल्कोहोल वारेतून बाळाच्या रक्तात जातं. बाळाचं यकृत ते मोडण्याइतकं तयार झालेलं नसतं. शिवाय लघवीवाटे गर्भजलात उतरलेलं अल्कोहोल बाळ पुन्हा गिळतं, म्हणून बाळाचा त्याच्याशी संबंध लांबतो. अमेरिकेतल्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ या डॉक्टरांनी १९७३ मध्ये अल्कोहोलमुळे बाळावर होणाऱ्या दुष्परिणामांना ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव दिलं. एवढं घेतलं तर सुरक्षित, असं प्रमाण अजूनही कुणाला सांगता आलेलं नाही.

लपूनछपून येणारं अल्कोहोलही ओळखायला हवं. ‘नॉन-अल्कोहोलिक’ बिअरमध्ये अनेक देशांत ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल चालतं. कोंबुचा म्हणजे आंबवलेला चहा, त्यातही थोडं तयार होतंच. रम घातलेला पदार्थ शिजवला की रम उडून जाते, हाही गैरसमज आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे १५ मिनिटं शिजवल्यावर ४० टक्के आणि तासाभरानंतरही २५ टक्के अल्कोहोल उरतं.

मग ग्लासात काय घ्यायचं? साधं गोड सरबत मोठ्यांना लगेच कंटाळवाणं वाटतं, कारण त्यात मद्यातली घशातली धग नसते आणि जिभेवरचा तुरटपणाही नसतो. ही धग उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंमुळे जाणवते, आणि नेमके तेच चेतातंतू आल्यातलं जिंजेरॉलही चेतवतं. तुरटपणा चहातल्या टॅनिनमधून मिळतो.

दोन ग्लाससाठी १० ते १२ आमसुलं एक कप उकळत्या पाण्यात अर्धा तास भिजवा, कुस्करा, गाळा. त्यात दीड कप उकळून गार केलेलं पाणी, पाव कप गार कोरा चहा आणि दोन चमचे साखर घाला. गरोदरपणातला मधुमेह असेल तर साखर वगळा. ताज्या आल्याचा एक छोटा चमचा रस अगदी शेवटी घाला. आलं उकळलं तर जिंजेरॉलचं सौम्य झिंजेरोन होतं आणि धग जाते. आमसुलांना मीठ लावलेलं असतं, त्यामुळे चव घेतल्याशिवाय मीठ टाकू नका. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या, कल्हई गेलेल्या पितळेचं नको. चहातलं कॅफीन इथे नगण्य आहे, पण दिवसभराचा चहा-कॉफी मिळून २०० मिलिग्रॅमच्या आत राहायला हवं. सोडा टाळलेला बरा. त्याने पोट फुगतं आणि आंबट घशाशी येतं.

खायला पाणीपुरी, पण घरची. हे वाक्य जरा जोर देऊनच लिहावंसं वाटतं. दूषित पाण्यातून येणारी हेपॅटायटिस ई ही कावीळ एरवी बहुतेकांना सोडून जाते. शेवटच्या तिमाहीत मात्र ती झाली, तर २० ते २५ टक्के गरोदर स्त्रिया दगावू शकतात. म्हणून पाणी खळखळ उकळून गार करा आणि बर्फही त्याच पाण्याचा लावा, कारण गोठवल्याने विषाणू मरत नाहीत. पुदिना आणि कोथिंबीर वाहत्या पाण्यात निवडून धुवा, उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, लगेच उकळून गार केलेल्या पाण्यात काढा आणि मग वाटा. रंगही हिरवागार राहतो. मोड आलेले मूग कच्चे घालू नका. मोड येतात ती ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. मूग शिजवूनच घ्या.

जेवण सातच्या सुमारास उरकावं. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते, म्हणून पुढचे दोन तास बसून गप्पा माराव्यात. डासांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि शेजारी टेबलफॅन. वाऱ्यात डासांना नीट उडता येत नाही.

जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास कृत्तिका आणि रोहिणी जवळजवळ डोक्यावर येतात. त्या पाहायला आडवं व्हावं लागतं आणि चूक नेमकी तिथेच होते. पाचव्या महिन्यानंतर उताणं पडलं, की जड गर्भाशय मणक्याच्या उजव्या अंगाने जाणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब देतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी पडतं. गरगरतं, घाम फुटतो. उजव्या कुशीखाली, कमरेपासून पाठीपर्यंत घट्ट गुंडाळलेली गोधडी सरकवा, म्हणजे अंग डावीकडे कलतं. आकाश तितकंच दिसतं. तरी गरगरलं तर लगेच डाव्या कुशीवर वळायचं आणि उठताना नवऱ्याचा हात धरून आधी बसायचं.

सहावा महिना सरत आला असेल तर या गप्पांना तिसरा श्रोताही असतो. २५ आठवड्यांच्या आसपास बाळ आवाजांना प्रतिसाद देऊ लागतं. पोटाची भिंत आणि गर्भजल उंच स्वर बरेच अडवतात, खर्जातले मात्र आत पोहोचतात. नवऱ्याने पोटाला तोंड लावून ओरडण्याची गरज नाही. शेजारी बसून नेहमीच्या आवाजात, सावकाश, ती रोहिणी कुठली हे सांगितलं तरी पुरे.