अक्कलदाढ काढल्यानंतरचे वेदनाशमन

तिसरी दाढ म्हणजे अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढल्यावर पुढचे काही दिवस होणारा ठणका आटोक्यात ठेवण्याचे उपाय. अक्कलदाढा साधारणपणे 17 ते 25 या वयात येतात. जबड्यात जागा अपुरी असली की दाढ हाडात आडवी किंवा तिरकी अडकून बसते. वरची दाढ बहुधा फारसा त्रास न देता निघते. खालची अडकलेली दाढ काढायची तर हिरडी उघडावी लागते, भोवतीचे हाड ड्रिलने कोरावे लागते आणि पुष्कळदा दाढेचे तुकडे करून ते एकेक बाहेर काढावे लागतात. नंतरची वेदना मुख्यतः या हाडावरच्या कामाची असते. त्यामुळे लहानपणी पडलेल्या किंवा हलणाऱ्या दाताच्या अनुभवावरून तिचा अंदाज बांधता येत नाही. दुखत नसलेली, निरोगी अडकलेली दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये, असे ब्रिटनमध्ये उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या 'नाइस' या संस्थेने 2000 साली सुचवले. वेदना टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय तोच, पण ज्यांची दाढ वारंवार सुजते किंवा शेजारची दाढ किडवते त्यांना तो उपयोगाचा नाही.

वेदनेचा क्रम : ही वेदना बऱ्यापैकी वेळापत्रकाने चालते. लिग्नोकेन आणि ॲड्रेनलिनच्या इंजेक्शनने ओठ, जीभ व हिरडी तीन-चार तास बधिर राहतात. या काळात रुग्ण खुशीत असतो, 'काहीच दुखत नाही' म्हणून फोन करून सांगतो आणि गोळ्यांची पुडी टेबलावर तशीच राहते. बधिरता उतरू लागली की ठणका सुरू होतो आणि त्याच संध्याकाळी किंवा रात्री तो सर्वाधिक असतो. सूज मात्र मागाहून येते. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढते, जबडा आखडतो, तोंड दोन बोटांएवढेही उघडत नाही आणि नंतर आठवडाभरात सगळे ओसरते. म्हणजे आरशातला चेहरा सर्वांत वाईट दिसतो त्या दिवशी दुखणे उताराला लागलेले असायला हवे. ते तसे नसेल तर काय समजावे, हे पुढे येईलच.

जखमी पेशींच्या आवरणातून अरॅकिडोनिक आम्ल सुटते आणि सायक्लोऑक्सिजनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने त्यापासून प्रोस्टाग्लँडिने तयार होतात. ती मज्जातंतूंची टोके इतकी हळवी करतात की नाडीचा ठोकाही जाणवतो. 'ठणकते' ते हे. ॲस्पिरिन व तिच्या जातीची औषधे हाच विकर अडवतात, हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवले आणि त्यासाठी त्यांना 1982 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, केटोरोलॅक ही सगळी याच घराण्यातली. ती नवे प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत, पण जे बनून बसले आहे ते पुसून टाकू शकत नाहीत. म्हणून पहिली गोळी बधिरता उतरण्याआधी, काहीतरी मऊ खाऊन, घ्यायची असते. पहिले दोन दिवस तरी गोळी घड्याळ पाहून घ्यावी. 'दुखले तर घेईन' म्हणून थांबणारा माणूस अखेर जास्त गोळ्या घेतो आणि जास्त दुखूनही घेतो. कोणती गोळी, यावर घरात जितकी चर्चा होते त्याच्या निम्मी तरी ती किती वाजता घ्यायची यावर व्हायला हवी.

औषधे : अक्कलदाढेच्या वेदनेइतका बारकाईने अभ्यास क्वचितच दुसऱ्या वेदनेचा झाला असेल. कारण सोयीचे आहे. रुग्ण तरुण व अन्यथा निरोगी असतात, शस्त्रक्रिया ठरवून होते, वेदना ठरल्या वेळी सुरू होते आणि साधारण सारख्याच तीव्रतेची असते. स्टीफन कूपर आणि विल्यम बीव्हर यांनी 1976 मध्ये या पद्धतीची मांडणी केली. तेव्हापासून डोकेदुखी, अंगदुखी, पाठदुखीसाठी बाजारात आलेल्या कित्येक गोळ्यांची पहिली परीक्षा अक्कलदाढ काढलेल्या तरुणांच्या जबड्यावर झाली आहे.

या अभ्यासांचा निकाल बराच स्पष्ट आहे. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2013 च्या आढाव्यात सात चाचण्यांतील 2,241 रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा 400 मिग्रॅ. आयबुप्रोफेन 1,000 मिग्रॅ. पॅरासिटामॉलपेक्षा सरस ठरले आणि दोन्ही एकत्र दिली की एकेकट्यापेक्षा अधिक गुण आला. दोघांच्या कामाच्या जागा वेगळ्या असल्याने त्यांची बेरीज होते. याउलट नुसत्या 60 मिग्रॅ. कोडीन या अफूजन्य औषधाचा परिणाम फारच तोकडा आढळला. निम्म्याहून अधिक वेदना कमी झालेला एक जास्तीचा रुग्ण मिळवायचा तर कोडीन सुमारे बारा जणांना द्यावे लागते. आयबुप्रोफेन सुमारे अडीच जणांना पुरते. अमेरिकेत मात्र अनेक दशके अक्कलदाढ काढली की हायड्रोकोडोनसारखी अफूजन्य गोळी हातात पडे आणि अनेक तरुणांची त्या औषधांशी पहिली ओळख दंतवैद्याच्या खुर्चीपाशीच झाली. 2024 मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांनी आयबुप्रोफेन-वर्गीय औषध, एकटे किंवा पॅरासिटामॉलसह, ही पहिली निवड ठरवली. रट्गर्स विद्यापीठाच्या पुढाकाराने 1,800 हून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही ही जोडी हायड्रोकोडोनच्या मिश्रणापेक्षा कमी पडली नाही, उलट पहिल्या दोन दिवसांत वरचढ ठरली.

भारतात अडचण वेगळी आहे. इथे अफूजन्य गोळी सहसा दिली जात नाही. ट्रामाडॉलही 2018 पासून अमली पदार्थविषयक कायद्याखाली आहे. इथला घोळ होतो तो एकाच औषधाचे दोन-तीन अवतार एकाच वेळी पोटात जाण्यामुळे. उदाहरणार्थ, डॉक्टरांनी लिहिलेल्या झिरोडॉल-एसपीत ॲसिक्लोफेनॅक 100 मिग्रॅ. आणि पॅरासिटामॉल 325 मिग्रॅ. असते. रात्री कळ आली म्हणून घरात पडलेली कॉम्बिफ्लॅम घेतली, तर तिच्यात आयबुप्रोफेन 400 आणि पुन्हा पॅरासिटामॉल 325. वर अंग तापल्यासारखे वाटले म्हणून डोलो-650. पॅरासिटामॉल दिवसाला जास्तीत जास्त 4,000 मिग्रॅ., यकृत अशक्त असलेल्यांना किंवा दारू पिणाऱ्यांना त्याहून बरेच कमी. ही मर्यादा अशा सरमिसळीत लक्षात न येता जवळ येते. ॲसिक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेन एकावर एक घेतल्याने तर वेदना विशेष कमी होत नाही, फक्त जठर आणि मूत्रपिंडांवरचा भार वाढतो. दातदुखीवर लोक औषधाच्या दुकानातून हमखास मागतात त्या केटोरोलॅकची मात्रा 10 मिग्रॅ. असून दिवसाला 40 मिग्रॅ. आणि एकूण पाच दिवस ही तिची हद्द आहे. गोळीच्या पट्टीमागची बारीक अक्षरे वाचणे हा कंटाळवाणा, पण खरा उपाय.

'एसपी' मधले सेरॅशिओपेप्टिडेज सूज उतरवते अशी समजूत आहे. त्याला भक्कम आधार नाही; जपानमध्ये, जिथे ते औषध प्रथम आले, ते परिणामकारकता सिद्ध न झाल्याने 2011 मध्ये मागे घेण्यात आले. सूज व जबडा आखडणे यांवर शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या मात्रेचा उपयोग अधिक होतो. प्रतिजैविक हे वेदनाशामक नव्हे. ते डॉक्टरांनी जंतुसंसर्गाच्या भीतीने दिलेले असते, ठणका वाढला म्हणून त्याची जादा गोळी घेऊन काही साधत नाही.

पोटात व्रण, मूत्रपिंडाचा आजार, गोळ्यांनी बळावणारा दमा, रक्त पातळ करणारी औषधे आणि गरोदरपणाचा उत्तरार्ध यांत आयबुप्रोफेन व त्याची भावंडे टाळून पॅरासिटामॉलवर भागवतात. महाराष्ट्रात पावसाळ्यात यात एक भर पडते : दाढ काढल्यानंतर फणफणून ताप आला आणि आसपास डेंग्यूची साथ असेल, तर रक्ततपासणी होईपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी घेऊ नये, कारण डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका असतो.

वेदना आणि अपेक्षा : 1978 मध्ये जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना औषध म्हणून काहीच गुण नसलेले द्रव्य दिले. काहींना त्यानेही आराम पडला. मग मॉर्फिनचा परिणाम पुसणारे नॅलोक्सोन दिल्यावर नेमका या आराम पडलेल्यांचा ठणका परत वाढला. शरीर स्वतःचे मॉर्फिनसदृश द्रव्य तयार करते आणि आराम पडेल या अपेक्षेनेही ते पाझरते, याचा हा पहिला ठोस पुरावा मानला जातो. 'मनाचे खेळ' म्हणून ज्याची बोळवण केली जाते त्याला रसायनशास्त्र असते, हे दाढेमुळे कळले. व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की कोणत्या दिवशी काय होईल हे आधी नीट समजावून सांगणारा डॉक्टर निम्मे वेदनाशमन तिथेच करतो.

घरचे उपाय : पहिला अर्धा-पाऊण तास जखमेवरचा गॉजचा बोळा दाताखाली दाबून धरायचा आणि लाळ गिळायची, थुंकायचे नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही ओढायचे नाही. हा सारा खटाटोप खाचेत साकळलेली रक्ताची गाठ टिकवण्यासाठी. पहिल्या दिवशी गालावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, थांबून पुन्हा. आपल्याकडे दुखऱ्या भागाला शेक देण्याचा हात आपसूक पुढे येतो. पहिल्या दिवशी शेकले तर सूज व रक्त दोन्ही वाढते. जबडा सैल करण्यासाठी कोमट शेक दोन दिवसांनंतर. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या 24 तासांनंतर, त्याही खळखळून नव्हे. उशी उंच घ्यावी. जेवणात गार पेज, ताकभात, मऊ खिचडी. भाकरीचे कडक पापुद्रे, चिवडा आणि तीळ आठवडाभर नकोत.

ॲस्पिरिनची गोळी हिरडीपाशी दाबून ठेवण्याचा जुना उपाय घातक आहे. गोळी रक्तात गेल्याशिवाय काम करत नाही. गालाचे अस्तर मात्र भाजून पांढरे पडते. लवंगतेल ताज्या जखमेत ओतणेही तसेच.

ड्राय सॉकेट : खाचेतली गाठ विरघळली किंवा निघून गेली, की उघड्या पडलेल्या हाडाची जी वेदना सुरू होते तिला दंतवैद्य ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या अक्कलदाढेनंतर ती इतर दातांपेक्षा कितीतरी अधिक आढळते. ओळख सोपी आहे. दोन दिवस उतरत चाललेले दुखणे तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम उसळते, कळ कानापर्यंत आणि कानशिलापर्यंत जाते, तोंडाला घाण वास येतो आणि गोळ्यांना दाद मिळत नाही. टॉर्च धरून पाहिले तर खाचेत काळपट-लाल गाठीऐवजी पोकळी व राखाडी-पांढरे हाड दिसते. ताप व पू सहसा नसतो, त्यामुळे प्रतिजैविक वाढवून उपयोग होत नाही. दंतवैद्य खाच सलाइनने धुऊन युजेनॉलयुक्त औषधाची पट्टी आत ठेवतात आणि बहुतेकांना तासाभरात सुटल्यासारखे वाटते. युजेनॉल हे लवंगेतलेच द्रव्य. जे घरी ओतायचे नाही तेच इथे मोजून, योग्य जागी आणि धुतलेल्या हाडावर वापरले जाते.

ड्राय सॉकेटला सर्वांत जास्त निमंत्रण तंबाखू देते, आणि महाराष्ट्रापुरता हा सिगारेटएवढाच मिश्रीचा, मळलेल्या तंबाखूचा आणि माव्याचा प्रश्न आहे. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी असली तरी सवय सुटलेली नाही. मिश्री तर दातदुखीवरचा उपाय म्हणूनच अनेक घरांत बायकांच्या हाती पहिल्यांदा आली. दाढ काढल्यावर ठणका लागला की बोट पुन्हा डबीकडे वळते. निकोटिनने खाचेतला रक्तपुरवठा घटतो आणि घासण्याने गाठ निघते. 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला मिश्री लावणाऱ्या बाई प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात, कारण त्या ती खात नाहीत, लावतात. डॉक्टरांनी मिश्रीबद्दल नाव घेऊनच विचारावे. गर्भनिरोधक गोळ्यांनीही ड्राय सॉकेटचा धोका थोडा वाढतो.

तातडीची लक्षणे : गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, जिभेखाली वा गळ्याकडे उतरणारी कडक सूज, थंडी वाजून ताप, किंवा अर्धा तास बोळा घट्ट दाबूनही न थांबणारा रक्तस्राव असेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. खालच्या दाढेच्या मुळांना लागून जबड्यातील मज्जातंतू जातो आणि जिभेचा तंतूही जवळच असतो. ते दुखावल्यास ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर राहते. बहुतेकांत काही आठवड्यांत ते भरून येते. झिणझिण्या किंवा विजेसारख्या कळा महिनोन्महिने राहिल्या, तर ती मज्जातंतूची वेदना असते. तिला आयबुप्रोफेन लागू पडत नाही आणि तिच्यासाठी प्रीगॅबालिनसारखी निराळी औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली द्यावी लागतात.